गोल्फ कोर्सच्या काठावरचा टॉवर : ‘काम किती झालं’ हे मोजायचं कसं?

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आधीच पडून आहे. ज्यांनी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केलाय, त्यांना दर महिन्याला एक व्हिडिओ येतो. ड्रोन वर जातो, खाली हिरवंगार गोल्फ कोर्स, बाजूला क्रेन, मागे तबल्याचं म्युझिक आणि स्क्रीनवर अक्षरं येतात : ‘अठरावा स्लॅब पूर्ण!’ आपण तो व्हिडिओ आईबाबांना फॉरवर्ड करतो. ते विचारतात, ‘म्हणजे काम किती झालं?’ आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

तर आज हेच उत्तर शोधायचंय. त्यासाठी आधी मी तुम्हाला दिल्लीजवळच्या नोएडात नेणार आहे, कारण तिथे गोल्फ कोर्सच्या काठावरच्या घरांची एक अशी गोष्ट घडली, की तिच्यामुळे देशभरातल्या घर घेणाऱ्यांसाठी कायदा बदलला. मग आपण महाराष्ट्रात परत येऊ आणि महारेराच्या साइटवर काय बघायचं ते बघू.

एक रस्ता, पाच जागा आणि वीसेक हजार घरं

यमुना एक्सप्रेस-वे तुम्हाला माहीत असेल. ग्रेटर नोएडा ते आग्रा, १६५ किलोमीटर. २००३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या प्राधिकरणाने हा रस्ता बांधायचं काम जेपी समूहाला दिलं. व्यवहार साधारण असा : कंपनीने रस्ता बांधायचा, टोल वसूल करायचा आणि शिवाय रस्त्यालगत पाच ठिकाणी मिळून अडीच कोटी चौरस मीटर जमीन विकसित करायला घ्यायची. म्हणजे सहा हजार एकरांहून जास्त. यासाठी २००७ मध्ये जेपी इन्फ्राटेक नावाची वेगळी कंपनी काढली गेली.

या जमिनीतला नोएडाच्या बाजूचा तुकडा म्हणजे ‘विश टाउन’. जाहिरातीत काय होतं? गोल्फ कोर्स, शाळा, हॉस्पिटल, आणि भोवती उंच उंच कॉन्डोमिनियम. २०१० च्या आसपास तिथे दणक्यात बुकिंग झालं. दिल्लीत नोकरी करणारी, तिशीतली, पहिलं घर घेणारी माणसं. म्हणजे आपल्यासारखीच.

एक्सप्रेस-वे ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाला. गोल्फ कोर्स झालं. काही टॉवर पूर्ण झाले, लोक राहायलाही आले. पण बाकीच्या टॉवरचं काम मंदावत मंदावत थांबलं. स्लॅब पडलेले, भिंती नाहीत, खिडक्यांच्या जागी भोकं. ऑगस्ट २०१७ मध्ये आयडीबीआय बँकेच्या अर्जावरून एनसीएलटीच्या अलाहाबाद खंडपीठाने जेपी इन्फ्राटेकला दिवाळखोरी प्रक्रियेत घेतलं. तेव्हा घराची वाट बघणारी जवळपास वीस हजार कुटुंबं होती.

दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे सगळे दावे स्थगित होतात. ग्राहक मंचात केस टाकली असेल, ती थांबली. आणि त्यावेळच्या कायद्यात घर घेणारा हा बँकेसारखा ‘वित्तीय धनको’ नव्हताच. पैसे त्याने दिले, ईएमआय तो भरतोय, भाडंही तो भरतोय, पण कंपनीचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या समितीत त्याला जागा नाही.

लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०१८ मध्ये दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानलं गेलं. म्हणजे बँकांबरोबर मतदानाचा हक्क. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. जेपी इन्फ्राटेकच्या समितीत निम्म्याहून जास्त मतं घर घेणाऱ्यांची होती! जून २०२१ मध्ये दोन प्रस्तावांवर मतदान झालं : सरकारी एनबीसीसी आणि मुंबईचा सुरक्षा समूह. सुरक्षाला ९८.६६ टक्के मतं, एनबीसीसीला ९८.५४. फरक ०.१२ टक्क्यांचा.

तरी घरं लगेच नाही मिळाली. एनसीएलटीची मंजुरी आली मार्च २०२३ मध्ये. मग अपील. ज्या शेतकऱ्यांची जमीन रस्त्यासाठी आणि या टाउनशिपसाठी गेली, त्यांच्या वाढीव मोबदल्याचा प्रश्न त्यात होता. मे २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितलं, की या मोबदल्यापोटी नव्या कंपनीने प्राधिकरणाला सुमारे १,३३४ कोटी रुपये द्यावेत. जून २०२४ मध्ये सुरक्षाने ताबा घेतला. २०१० ला पस्तिशीत बुकिंग केलेला माणूस तोवर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता, आणि त्याच्या टॉवरचं काम आता कुठे नव्याने सुरू व्हायचं होतं.

पैसा कुठल्या खिशात गेला?

या गोष्टीतल्या दोन बाबी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली : एकाच टाउनशिपच्या गेटमागे दोन कंपन्या होत्या. काही प्रकल्प जेपी इन्फ्राटेकचे, काही तिच्या मूळ कंपनीचे, जयप्रकाश असोसिएट्सचे. ब्रोशरवर नाव एकच. पण तुमचा करार कोणाशी झालाय यावर तुमचं नशीब ठरलं. मूळ कंपनी स्वतः जून २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. म्हणजे शेजारच्या टॉवरमधल्या मित्राची लढाई वेगळी, तुमची वेगळी.

दुसरी : जेपी इन्फ्राटेकची शेकडो एकर जमीन मूळ कंपनीच्या कर्जांसाठी गहाण टाकलेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले बहुतेक व्यवहार रद्द ठरवले आणि ७५० एकरांहून जास्त जमीन त्या बोजातून मोकळी झाली. थोडक्यात, तुमच्या टॉवरखालची कंपनी दुसऱ्याच कोणाच्या कर्जाची जामीन झालेली असू शकते, आणि ड्रोन व्हिडिओत ते कधीच दिसणार नाही.

अशा प्रकारांवर तोडगा म्हणून रेरा कायदा आला. कायदा २०१६ चा, पूर्ण अंमल १ मे २०१७ पासून. त्यातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तरतूद : ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे. ते फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायचे. काढायचे तेसुद्धा कामाच्या प्रमाणात, आणि त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. म्हणजे तुमच्या पैशाने दुसऱ्या गावात गोल्फ कोर्स बांधायला मनाई.

पैशांची शिडी

आता महाराष्ट्रात येऊ. महारेराचा आदर्श करारनामा आहे. त्यात कुठल्या टप्प्याला जास्तीत जास्त किती पैसे मागता येतात ते दिलंय. समजा फ्लॅट एक कोटीचा आहे.

• नोंदणीकृत करार होण्याआधी जास्तीत जास्त १० लाख. हे कायद्यातच आहे.
• करारानंतर एकूण ३० लाखांपर्यंत.
• जोता, म्हणजे प्लिंथ, पूर्ण झाल्यावर ४५ लाखांपर्यंत.
• पोडियमसकट सगळे स्लॅब झाल्यावर ७० लाखांपर्यंत.
• आतल्या भिंती, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५ लाख.
• सॅनिटरी फिटिंग, जिने, लिफ्टचे डक्ट, लॉबी झाल्यावर ८० लाख.
• बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचा गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५ लाख.
• लिफ्ट, पंप, इलेक्ट्रिकल वगैरे झाल्यावर ९५ लाख.
• उरलेले ५ लाख ताब्याच्या वेळी, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर.

या आकड्यांकडे जरा नीट बघा. इमारत अजून जमिनीच्या वर आलेली नाही, नुसता जोता झालाय, तेव्हा तुमचे ४५ टक्के गेलेले असू शकतात. सगळे स्लॅब झाले तेव्हा ७० टक्के. आणि घराला ‘घर’ बनवणारं जे काम आहे, म्हणजे भिंती, नळ, लिफ्ट, वीज, आग विझवायची यंत्रणा, त्या सगळ्यासाठी बिल्डरला तुमच्याकडून यायचे राहिलेत फक्त २५ ते ३० टक्के.

म्हणून तर स्लॅबचे व्हिडिओ येतात! स्लॅब हा दिसणारा टप्पा आहे, आणि पैसे मागायचाही टप्पा आहे. मायवान शटरिंग असेल तर एकेक मजला फार पटापट वर चढतो. पंचवीस मजली टॉवर असेल तर ४५ ते ७० मधले २५ लाख म्हणजे ढोबळमानाने दर स्लॅबला एक लाख. प्रत्येक व्हिडिओपाठोपाठ डिमांड लेटर. गिलाव्याचा व्हिडिओ कोणी बनवत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे काम सुरू करायच्या आधी ‘डन म्हणजे काय’ हे लिहून ठेवतात, कारण ‘नव्वद टक्के झालंय’ हे वाक्य आम्ही महिनोन्‌महिने ऐकवू शकतो. इमारतीच्या बाबतीत ‘डन’ची व्याख्या एकच : ओसी. तोपर्यंत बाकी सगळं ‘काम चालू आहे’.

महारेराच्या साइटवर काय बघायचं?

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे इतकं काही असतं, की पहिल्यांदा गांगरायला होतं. मी सांगतो त्या क्रमाने बघा.

एक, नोंदणी क्रमांक नक्की कशाचा आहे. कायद्यानुसार प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प म्हणून नोंदवता येतो. ब्रोशरमध्ये आठ टॉवर, क्लब हाउस आणि गोल्फ कोर्स असेल, पण तुमच्या नोंदणीत एकच टॉवर असू शकतो. मग क्लब हाउस कुठल्या टप्प्यात आहे? त्याची तारीख काय? ती तुमच्या ताब्याच्या तारखेनंतर तीन वर्षांनी असेल, तर तीन वर्षं तुम्ही क्लब हाउसविना राहणार. करारात या सुविधांची तारीख लिहून घ्या.

दोन, पूर्णत्वाची तारीख. मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही बघा. सेल्स ऑफिसमधला माणूस जी तारीख सांगतो ती नाही, साइटवर नोंदवलेली. या दोन तारखांमध्ये फरक असेल, तर घरभाड्याचं गणित साइटवरच्या तारखेने करा.

तीन, फॉर्म १. हा आर्किटेक्टचा दाखला. यात दोन तक्ते असतात. पहिला तुमच्या इमारतीचा : खोदकाम, जोता, स्लॅब, भिंती, फिटिंग, प्रत्येकाचे टक्के वेगवेगळे. दुसरा बाहेरच्या कामांचा : रस्ते, पाणीपुरवठा, ड्रेनेज, सांडपाणी प्रक्रिया, फायर, मीटर रूम. लोक पहिला तक्ता बघून खूश होतात. माझं म्हणणं, दुसरा आधी बघा. टॉवरचे स्लॅब १०० टक्के आणि ड्रेनेज शून्य टक्के असेल, तर ताबा लांब आहे हे समजून घ्या.

चार, फॉर्म ३. हा सीएचा दाखला, खर्चाचा. इथे एक गंमत आहे. यातल्या खर्चात जमिनीचाही खर्च धरला जातो. समजा प्रकल्पाचा एकूण अंदाज १०० कोटी आणि जमीन ४० कोटींची. जमीन घेतली की एक वीट न रचता ‘४० टक्के खर्च झाला’. आकडा खोटा नाही, पण तो बांधकामाचा नाही. म्हणून ‘चाळीस टक्के काम झालंय’ असं कोणी म्हटलं, की विचारायचं : काम की खर्च?

पाच, सीसी. बांधकाम सुरू करायची परवानगी. मुंबईत ती आधी जोत्यापर्यंत मिळते, मग पुढच्या मजल्यांसाठी वाढवून घ्यावी लागते. तुमचा फ्लॅट बाविसाव्या मजल्यावर असेल आणि सीसी पंधराव्यापर्यंतची असेल, तर तुमचा मजला कागदावर अजून जन्मलेला नाही.

सहा, बोजा. जमिनीवर किंवा प्रकल्पावर कर्ज आहे का, कोणाचं आहे. विश टाउनच्या लोकांना हे न्यायालयात कळलं. तुम्हाला ते बुकिंगच्या आधी बघता येतं. साइटवर टायटल रिपोर्ट असतो. तो वकिलाकडून वाचून घ्या. एक कोटीच्या व्यवहारात वकिलाची फी काही जड नाही.

आणि ते हिरवं गोल्फ कोर्स?

‘कॉन्डोमिनियम’ हा शब्द गुडगाव-नोएडाकडे सर्रास चालतो. आपल्याकडे ‘टॉवर’ किंवा ‘गेटेड सोसायटी’ म्हणतात. महाराष्ट्रात १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे. त्यानुसार तुमचा फ्लॅट तुमच्या मालकीचा आणि जिने, लिफ्ट, जमीन यांत तुमचा अविभाज्य हिस्सा. याला कॉन्डोमिनियम म्हणतात. सहकारी सोसायटीत चित्र वेगळं असतं, तिथे इमारत आणि जमीन सोसायटीच्या नावावर होते आणि तुम्ही सभासद असता.

दोन्हीकडे प्रश्न एकच : गोल्फ कोर्स तुमच्या सामायिक जागेत येतं का? सहसा येत नाही. त्याची मालकी वेगळी असते, सभासदत्वाची फी वेगळी असते. तुम्ही ‘गोल्फ फेसिंग’चे जे जास्तीचे पैसे देता ते खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे. आणि ते दृश्य करारात कुठेही लिहिलेलं नसतं. करारात असतो कार्पेट एरिया, मजला, पार्किंग.

मग ती हिरवळ उद्या राहील याची खात्री कशी करायची? विकास आराखड्यात त्या जमिनीचा झोन काय आहे, तिच्यावर कसलं आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या किंवा नगररचना कार्यालयाच्या झोन दाखल्यात कळतं. जमीन निवासी झोनमध्ये असेल आणि मालक दुसराच असेल, तर तिथे उद्या टॉवर येऊ शकतो. तेव्हा त्या टॉवरची जाहिरात ‘गोल्फ व्ह्यू’ म्हणूनच होईल, आणि तुमचा व्ह्यू त्यांच्या मागच्या भिंतीचा असेल. बिल्डरने तुमच्याच मंजूर लेआउटमध्ये मोकळी जागा दाखवली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मंजूर नकाशात मोठे बदल करायला रेरानुसार दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते.

काम थांबलंच तर?

आपण आधीच जुळवून ठेवायचं, म्हणजे गांगरायला होत नाही. तारीख उलटली आणि ताबा नाही, तर रेराच्या कलम १८ नुसार दोन रस्ते. बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत मागा. राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त आहे. आदेश मिळूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर महारेरा वसुली वॉरंट काढतं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. या पायरीला वेळ लागतो, हे धरून चाला.

दिवाळखोरीचा रस्ताही आहे. त्यासाठी २०२० पासून अट आहे : त्याच प्रकल्पातले किमान १०० ग्राहक किंवा एकूण ग्राहकांच्या १० टक्के, जे कमी असेल ते, एकत्र यावे लागतात. पण हा रस्ता निवडायच्या आधी विश टाउनचं वेळापत्रक आठवा : ऑगस्ट २०१७ ते जून २०२४. एकदा त्यात शिरलं की बाकीचे दावे थांबतात, आणि तुमचा ईएमआय थांबत नाही.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इतर ग्राहकांचा ग्रुप. बिल्डरने बनवलेला नाही, तुमचा तुम्ही बनवलेला. दर तीन महिन्यांनी महारेराच्या साइटवर प्रगतीची माहिती भरणं बिल्डरला बंधनकारक आहे. ग्रुपमधल्या एकाने ती उघडून फॉर्म १ चे दोन्ही तक्ते ग्रुपवर टाकायचे. मागच्या तिमाहीशी तुलना करायची. एखादा आकडा दोन तिमाही हललाच नाही, की लेखी विचारायचं, ईमेलवर. पुढचं डिमांड लेटर आलं, की त्यातला टप्पा खरंच झालाय का, हे आर्किटेक्टच्या दाखल्याशी ताडून मगच बँकेला हप्ता सोडायला सांगायचं. बँकेचा माणूस साइटवर जातो, हे खरं. पण कर्ज फेडणार तुम्ही.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या प्रकल्पाचा फॉर्म १ उघडून बघा आणि दुसऱ्या तक्त्यात ड्रेनेज आणि सांडपाणी प्रक्रियेपुढे किती टक्के लिहिलंय, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. बिल्डरचं नाव नको, फक्त शहर आणि आकडे. पुढच्या भागात करारनामा उघडून कलमं वाचणार आहोत, त्यामुळे तुमचा करारनामा कपाटातून बाहेर काढून ठेवा. भेटू!